तरंगता तेलफलाट

समुद्राच्या पोटांतून तेल काढावयाचें म्हणजे पाण्यांत भक्कम खांब रोवून त्यांवर यंत्रें मांडावयाचीं, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मुंबईच्या पश्चिमेस १९७४ सालीं सांपडलेल्या तेलक्षेत्रापुरती ती खरीही आहे. कारण तेथील पाणी शंभर मीटरांहून खोल नाहीं.

अमेरिकेंत लुइझियानाचा किनारा दृष्टीआड होईल इतक्या दूर १९४७ सालीं पहिली विहीर लागली, तेव्हां खालीं पाणी होतें अवघें सहा मीटर! १९८८ सालीं मेक्सिकोच्या त्याच आखातांत ‘बुलविंकल’ उभा राहिला तो ४१२ मीटर पाण्यांत. खांबांची मजल येथें संपत आली. याहून उंच सांगाडा लाटांच्या ठेक्यावर डोलूं लागतो, आणि तो ताठ ठेवण्यास लागणारें पोलाद परवडत नाहीं.

तेव्हां उभें राहण्याचा हट्टच सोडण्यांत आला. रिकामी घागर पाण्यांत दाबली असतां ती हाताला वर रेटते, हें आपण पाहतोंच. तसाच पोकळ सांगाडा सहज तरंगेल त्याहून खोल ओढून, तळाशीं जखडलेल्या पोलादी नळ्यांनीं धरून ठेवला, म्हणजे तो लाटांबरोबर वरखालीं होत नाहीं. ही युक्ति १९८४ सालीं उत्तर समुद्रांत ‘हटन’वर साधली, १९९४ सालीं ‘ऑगर’नें तीच ८७२ मीटर पाण्यावर नेली.

अधिक खोलीवर त्या नळ्यांचेंच ओझें होतें. म्हणून ‘थंडर हॉर्स’ हा प्रचंड फलाट सुमारें १,८४० मीटर पाण्यावर नांगरून तरंगत ठेवला आहे. तळाच्या विहिरींतून नळांवाटे वर आलेलें तेल, वायु व पाणी तेथें निरनिराळीं करून तेल व वायु किनाऱ्याकडे धाडतात. हें काम त्या मानानें सोपें. अवघड आहे तें तोल सांभाळणें. त्यासाठीं पोटांतील कप्प्यांत समुद्राचें पाणी झडपांवाटे घेतात व सोडतात.

२००५ सालच्या जुलैंत वादळाच्या भयानें त्यावरील माणसें उतरविलीं. परतून पाहतात तों फलाट एका अंगावर कललेला! सर्वांनीं वादळाला बोल लावला, आणि तें साहजिकच होतें. झडपेकडे कोण पाहतो? चौकशींत आढळलें कीं, झडपा हलविणारी द्रवदाबाची यंत्रणा, निघतांना बंद केल्यावर, बिघडली. कित्येक झडपा अर्धवट उघडल्या आणि तोलासाठीं घेतलेलें पाणीच आंतल्या दालनांत शिरलें. फलाट सरळ करण्यांत आला; परंतु त्यावर तेल येऊं लागलें तें जून २००८ मध्यें.