न दुखणाऱ्या दातांचं मानसशास्त्र

दाढ ठणकू लागली की माणूस दवाखाना गाठतो. ते का, हे सांगायला संशोधक लागत नाही. काहीच दुखत नसताना तपासून घ्यायला कोण जातं आणि कोण टाळतं, हा प्रश्न मात्र अभ्यासकांना अजून पुरून उरला आहे.

या अभ्यासाची सुरुवात दातांपासून झाली नाही. 1950च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीचे एक्स-रे फुकट काढून मिळत, गाडी वस्तीपर्यंत येई. तरी पुष्कळ लोक फिरकत नसत. मानसशास्त्रज्ञ गॉडफ्री हॉकबाउम यांना दिसलं ते असं: आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि तो लवकर कळला तर फायदा आहे, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी 82 टक्के लोकांनी एक्स-रे काढला होता, दोन्ही न मानणाऱ्यांपैकी 21 टक्क्यांनीच. त्यांचे सहकारी स्टीफन केगेलिस यांनी 1963 मध्ये हाच विचार दंततपासणीला लावून पाहिला.

मग भीती घालावी का? जॅनिस आणि फेशबॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1953 मध्ये शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर व्याख्यानं दिली. किडलेल्या दातांची, सडक्या हिरड्यांची चित्रं दाखवून ज्यांना सर्वाधिक घाबरवलं, त्यांच्यात बदल सर्वांत कमी झाला. (पुढच्या संशोधनाने या निष्कर्षाला बऱ्याच अटी घातल्या. आपल्याकडची आरोग्यभित्तिपत्रकं मात्र अजून घाबरवण्यावरच भिस्त ठेवतात.)

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गेरी केंट यांचं 1985 चं काम. त्यांनी रुग्णांना उपचाराआधी विचारलं, किती दुखेल? नंतर विचारलं, किती दुखलं? तीन महिन्यांनी पुन्हा तेच. चिंताग्रस्त रुग्णांच्या आठवणीत उरली होती ती सोसलेली वेदना नव्हे, आधी धास्तावून कल्पिलेली. चांगला अनुभव आला तरी भीती का जात नाही, याचं उत्तर इथे सापडतं. भीतीपोटी टाळाटाळ, त्यातून दातांची दुर्दशा, तिची लाज आणि त्या लाजेने आणखी टाळाटाळ, हे चक्र स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट उलगडलं आहे.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच एक विनंती: फार उशिरा आलेल्या रुग्णाला ‘इतके दिवस काय करत होतात?’ असं विचारू नका.