तसबीर, प्रत आणि मूळ : जर्मन चित्रांच्या मराठी संग्रहाचा इतिहास

मराठी बोलीत ‘जर्मन’ हा शब्द देशवाचक असण्यापूर्वी धातुवाचक होता. खेड्यापाड्यांत ॲल्युमिनिअमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ किंवा ‘जर्मलची पातेली’ म्हणत, आणि म्हणणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणताही देश नसे. बाहेरून आलेली वस्तू वापराने इतकी आपली होते की तिचे मूळ केवळ नावापुरते उरते, याचे हे सोपे उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन चित्रे आपल्याकडे कशी आली, ती कोणी जमवली आणि मराठी समीक्षेने त्यांच्याशी कोणते नाते जोडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा आरंभ भांड्यांपासून करण्याचे कारण एवढेच, की चित्रांच्या बाबतीतही काहीसे असेच घडले आहे.

चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे, आळंदीच्या शेजारचे गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जुनी घरे पाडून तेथे इमारती उभ्या राहात आहेत, आणि घर पाडण्यापूर्वी जुन्या वस्तूंचे व्यापारी येऊन जातात. तांब्यापितळेची भांडी, कोरीव खांब, दाराच्या चौकटी यांच्याबरोबर अलीकडे त्यांची मागणी तसबिरींनाही असते. अशाच एका घरी मी लक्ष्मीची एक तसबीर पाहिली. काच धुराने पिवळी पडलेली, लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी जर चिकटवलेली, आणि खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा असे छापलेले. व्यापाऱ्याने काच काढून प्रथम ती कड पाहिली होती. घरातील आजींना मात्र ती अक्षरे कधी दिसलीच नव्हती. त्या मला म्हणाल्या, ‘सर, त्याने देवीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही हो. खालचं वाचलं नि भाव केला.’

या एका वाक्यात चित्राकडे पाहण्याच्या दोन रीती समोरासमोर उभ्या राहतात. आजींच्या लेखी चित्र म्हणजे देवी, तर संग्राहकाच्या लेखी चित्र म्हणजे त्याचा जन्मदाखला. या दोहोंपैकी कोणती रीत खरी, असा प्रश्न विचारण्यापेक्षा हा जन्मदाखला कसा तयार झाला हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

शिळाछापाचे तंत्र ॲलोइस झेनेफेल्डर याने 1796 च्या सुमारास बव्हेरियात शोधले. त्यासाठी लागणारा उत्तम चुनखडीचा दगड बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणींतून जगभर जात असे. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. एका चित्रासाठी अनेक दगड, आणि प्रत्येक दगडावरचा ठसा आधीच्या ठशावर नेमका बसवण्याचे कौशल्य, यांवर सारा धंदा उभा होता. शेवटी रोगण देऊन आणि कागदावर कापडाचा पोत उठवून त्या छापाला तैलचित्राचे रूप देत. म्हणून त्यास ‘ओलिओग्राफ’ हे नाव पडले. म्हणजे आपण प्रत आहोत हे लपवण्याचा यत्न या प्रतीच्या घडणीतच होता.

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रे व जर्मन तंत्रज्ञ यांच्या आधारावर. प्लेगच्या साथीनंतर हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. रविवर्मा 1906 मध्ये वारले, परंतु त्यांच्या नावाने छापलेली चित्रे पुढे कित्येक दशके निघत राहिली. 1972 मध्ये लागलेल्या आगीत या छापखान्याचा शेवट झाला. दादासाहेब फाळके काही काळ या छापखान्याच्या कामाशी निगडित होते. पुढे स्वतःच्या छापखान्यासाठी ते 1909 मध्ये जर्मनीस जाऊन आले आणि त्यानंतर चारच वर्षांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मराठी दृश्यसंस्कृतीच्या या टप्प्यावर जर्मनी हा विचारांचा किंवा शैलीचा देश म्हणून येत नाही. तो दगड, शाई आणि यंत्र यांच्या रूपाने येतो.

मग लक्ष्मीची ही तसबीर जर्मन की मराठी? चित्रकार केरळचा, दगड बव्हेरियाचा, मालक जर्मन, कारखाना मावळातला, जर चिकटवणारे हात घरातले. देशीयतेच्या चर्चेत आपण पुष्कळदा ‘मूळ कोठले’ हा प्रश्न अखेरचा मानतो. या तसबिरीपुढे तो प्रश्न अपुरा पडतो. वस्तू देशी होते ती उगमाने नव्हे, व्यवहाराने.

आता याच कालखंडातील दुसऱ्या प्रकारच्या चित्रांकडे वळू. ज्या जर्मन चित्रांना कलेतिहासात मान आहे, त्यांच्या संग्रहाची कथा वेगळी आणि क्लेशकारक आहे. वाल्टर बेन्यामिन या समीक्षकाने 1921 मध्ये पॉल क्ले याचे 1920 सालचे ‘आंगेलुस नोवुस’ हे लहानसे चित्र म्युनिकमध्ये विकत घेतले. फारशी मिळकत नसलेल्या एका लेखकाने घेतलेले हे चित्र आयुष्यभर त्याच्या विचाराला सोबत करीत राहिले. देशांतरातही त्याने ते जवळ ठेवले, आणि 1940 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते यथावकाश गेरशोम शोलेम या मित्राकडे पोहोचले. आज ते जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे. संग्रहाविषयी 1931 मध्ये आणि यांत्रिक पुनरुत्पादनाविषयी त्यानंतर काही वर्षांनी याच लेखकाने लिहिले. प्रतींच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय मावळते, हे त्याचे प्रतिपादन आपल्या विद्यापीठांत आता पाठ्यक्रमाचा भाग झाले आहे. ते प्रतिपादन करणाऱ्याजवळ मात्र एक मूळ चित्र होते, आणि ते त्याला सोडवत नव्हते, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवले पाहिजे.

1937 मध्ये म्युनिकला नाझी राजवटीने ‘अधःपतित कला’ या नावाने प्रदर्शन भरवले. संग्रहालयांतून जप्त केलेली सुमारे 650 चित्रे व शिल्पे तेथे हेटाळणीसाठी मांडली होती. क्ले, कँडिन्स्की, कोकोश्का हे सारे त्यांत होते. एका राज्यसंस्थेने केलेला हा उलटा संग्रह होता. चित्रे जतन करण्यासाठी नव्हे, तर लोकांनी त्यांच्यावर थुंकावे यासाठी जमवलेली. चित्रांबरोबर माणसेही देशोधडीस लागली, आणि त्यांतील काही मुंबईस आली.

रूडी फॉन लायडन (1908–1983) हा बर्लिनचा भूवैज्ञानिक 1933 मध्ये मुंबईस आला आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहू लागला. ऑस्ट्रियाचा चित्रकार वाल्टर लांगहामर 1938 मध्ये आला आणि त्याच वृत्तपत्राचा कलासंचालक झाला. इमॅन्युएल श्लेसिंगर हा व्हिएन्नाचा संग्राहक. नाझींमुळे त्याला घर आणि संग्रह दोन्ही मागे टाकावे लागले. मुंबईत औषधनिर्मितीच्या व्यवसायात स्थिरावल्यावर त्याने पुन्हा चित्रे घ्यायला आरंभ केला, तो येथील तरुण चित्रकारांची. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला या तिघांचा आधार मिळाला हे सर्वश्रुत आहे. त्या गटात सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे ह. अं. गाडे आणि बडोद्यात जन्मलेले सदानंद बाकरे हे दोन मराठी कलावंत होते.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. या तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय चित्रकला दिसली ती मूळ चित्रांतून नव्हे. लांगहामरच्या घरी रविवारी जमणाऱ्या मंडळींपुढे जे उलगडले जाई, ते पुस्तकांतील छापील प्रतिकृतींचे विश्व होते. बाउहाउसच्या कलावंतांची मूळ जलरंगचित्रे व छापचित्रे डिसेंबर 1922 मध्ये भारतात प्रदर्शित झाली होती, परंतु ती कलकत्त्यास. पुढे वा. सू. गायतोंडे आणि प्रभाकर बरवे यांच्या घडणीत क्लेचा वाटा होता असे अभ्यासक मानतात. तोही प्रामुख्याने प्रतिकृतींच्या वाटेनेच आला. तेव्हा चऱ्होलीच्या भिंतीवरील तसबीर ही ‘प्रत’ आणि मुंबईतील आधुनिक चित्रकाराची प्रेरणा मात्र ‘मूळ’, ही आपली समजूत टिकत नाही. महाराष्ट्रात जर्मन चित्र दोन्ही ठिकाणी छापाच्या रूपानेच पोहोचले. फरक होता तो प्रत वापरण्याच्या पद्धतीत. एकीकडे तिची पूजा झाली, दुसरीकडे तिचा अभ्यास झाला.

फॉन लायडनच्या बाबतीत हा प्रवास उलट दिशेनेही झाला. त्याने गंजिफाचे पत्ते जमवले, त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफांचे प्रदर्शन झाले. सावंतवाडीस राजेसाहेब शिवरामराजे व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी गंजिफाची मरू घातलेली कला 1970 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पुन्हा उभी केली, त्याच सुमारास एक जर्मन संग्राहक त्याच पत्त्यांचे वर्गीकरण करीत होता. बडोद्यातही असेच दिसते. सयाजीराव गायकवाडांनी युरोपीय चित्रांचे दालन उभारले. त्याची इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे चित्रे येण्यास विलंब होऊन ते 1921 मध्ये खुले झाले. पुढे त्या मराठी राजाच्या संग्रहालयाची धुरा लागोपाठ दोन जर्मन विद्वानांनी वाहिली : प्रथम जर्मनी सोडावे लागलेले ज्यू कलेतिहासकार अर्न्स्ट कोन-वीनर, आणि नंतर हर्मन गोएट्झ.

या सर्व घडामोडींच्या काळात मराठी समीक्षा काय करीत होती? ती जर्मनीशी परिचित नव्हती असे नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) मध्ये सर्व कलांना लागू पडतील असे लयतत्त्वाचे नियम मांडले. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) कांटचे स्थान केंद्रवर्ती आहे. जर्मन सौंदर्यविचार मराठीत इतका मुरला, की साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास तो परका वाटत नाही. परंतु जर्मन विचार ग्रंथांतून येत असता जर्मन चित्र आणि ते पाहण्याची दृष्टी देणारी माणसे मुंबईतच होती, आणि या दोन प्रवाहांची गाठ मराठीत फारशी पडली नाही. निर्वासितांचे लेखन इंग्रजीत राहिले, आपली मीमांसा मराठीत. द. ग. गोडसे यांच्यासारखा अपवाद सोडला तर सौंदर्याची चर्चा करताना विशिष्ट चित्रापुढे उभे राहण्याची सवय आपल्या समीक्षेने लावून घेतली नाही. सिद्धान्त समृद्ध होत गेला आणि डोळा उपाशी राहिला, असे कठोर वाटले तरी म्हणावे लागते.

वास्तविक प्रतींविषयी विचार करण्याची साधने मराठी अभ्यासकाजवळ होती. चऱ्होलीहून आळंदी हाकेच्या अंतरावर आहे. ज्या ग्रंथामुळे ती आळंदी झाली, त्या ज्ञानेश्वरीचे ज्ञानदेवकालीन हस्तलिखित आपल्याजवळ नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले ते उपलब्ध प्रतींवरून. सातशे वर्षांहून अधिक काळ हा ग्रंथ प्रतींत जगला. प्रत्येक लेखनिकाच्या हातून पाठभेद झाले, आणि त्या पाठभेदांतच ग्रंथ कोणी, कसा वाचला याचा इतिहास साठला. मूळ नाही म्हणून तेज मावळले, असे कोणा वारकऱ्यास कधी वाटले नाही. पाठचिकित्सेची ही दृष्टी चित्राकडे वळवली असती, तर लक्ष्मीच्या लुगड्यावर चिकटवलेली जर हा आपल्याला एक पाठभेदच वाटला असता : एका घराने आपल्या हाताने केलेले चित्राचे वाचन.

आजचा संग्राहक या जरीला किंमत देतो, कारण तिच्यामुळे हजारो प्रतींपैकी एक प्रत एकमेव ठरते. अर्थात प्रतीला पुन्हा ‘मूळ’ बनवण्याचे काम संग्रह करीत असतो. याला माझा आक्षेप नाही. संग्राहक नसते तर यांतील पुष्कळ चित्रे चुलीत किंवा नदीत गेली असती. आक्षेप आहे तो एवढाच, की व्यापारी खालची कड नोंदवतो आणि वरची हळद-कुंकवाची बोटे पुसून टाकतो. चित्र कोठे छापले याचा पुरावा टिकतो. ते कोठे टांगले होते, कोणत्या दाराच्या वर, कोणत्या देवाच्या शेजारी, त्यावर जर कोणी लावली, याचा पुरावा घरासोबत जमीनदोस्त होतो. श्लेसिंगरने व्हिएन्नात जे गमावले ते हिंसेने गमावले. आपण गमावत आहोत ते राजीखुशीने, पावती घेऊन. या दोन हानी सारख्या नव्हेत. परंतु दोन्हींत चित्रे वाचू शकतात आणि त्यांचा संदर्भ नाहीसा होतो, हे साम्य उरतेच.

तेव्हा आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी करावयाचे काम अवघड नाही. लोकगीते आणि ओव्या गोळा करण्यासाठी ज्या पद्धतीने विद्यार्थी गावोगाव जातात, त्याच पद्धतीने घरांतील तसबिरींची जागेवरच नोंद करता येईल : कडेची अक्षरे, जागा, सजावट, आणि घरातील माणसे त्या चित्राविषयी काय सांगतात ते. चित्र विकत घेण्याची आवश्यकता नाही. ते वाचले गेले पाहिजे.

त्या आजींनी तसबीर विकली नाही. नव्या घरात ती उंबऱ्यासमोरच्या भिंतीवर लावली आहे. काच मात्र त्यांनी बदलून घेतली, आणि नवी चौकट बसवताना खालची कड आत गेली आहे. ती अक्षरे आता कोणालाही दिसत नाहीत. माझ्या वहीत त्यांची नोंद आहे.