मुरुमांवरील पोटात घ्यायची प्रतिजैविके

हा लेख त्वचेवरील मुरुमांच्या उपचाराविषयी आहे. रस्त्यावर पसरतात त्या मुरमाशी त्याचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही.

मुरुमांवरील पोटात घ्यायची प्रतिजैविके म्हणजे मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या मुरुमांसाठी गोळी किंवा कॅप्सूल या रूपात दिली जाणारी जीवाणुरोधक औषधे होत. यांत टेट्रासायक्लिन कुळातील औषधे, विशेषतः डॉक्सिसायक्लिन व मिनोसायक्लिन, सर्वाधिक वापरली जातात. एखाद्या तापासाठी प्रतिजैविक चार-पाच दिवस घ्यावे लागते. मुरुमांसाठी तेच औषध अनेक आठवडे, बहुधा तीन महिने, घ्यावे लागते. या उपचाराचे बहुतेक गुणदोष आणि रुग्णांच्या बहुतेक तक्रारी या दीर्घ मुदतीतूनच उद्भवतात.

== नाव ==

मराठीत या विकाराला मुरूम, पुटकुळ्या किंवा तारुण्यपीटिका म्हणतात. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' या नावाने त्याचे वर्णन असून, तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचे कोवळे खोड ज्याने पाहिले आहे त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागणार नाही. 'तारुण्यपीटिका' या शब्दामुळे मात्र हा विकार केवळ तरुणपणीचा आहे असा समज होतो. तिशी-चाळिशीतील, विशेषतः स्त्रियांमधील, मुरूम ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

== औषध कसे कार्य करते ==

त्वचेतील प्रत्येक रोमकूपाला एक तैलग्रंथी जोडलेली असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने ती अधिक तेल स्रवू लागते. रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बंद झाले की आतल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जीवाणू फोफावतो. हा जीवाणू बाहेरून आलेला शत्रू नव्हे. तो निरोगी माणसाच्या त्वचेवरही नांदत असतो. २०१६ पर्यंत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या नावाने ओळखला जात असे आणि जुन्या पुस्तकांत तेच नाव आढळते. त्याच्या वाढीमुळे व शरीराच्या प्रतिक्रियेमुळे दाह निर्माण होतो आणि लाल, दुखऱ्या, पू धरणाऱ्या पुळ्या येतात.

टेट्रासायक्लिन कुळातील औषधे जीवाणूंची प्रथिननिर्मिती रोखतात. त्याखेरीज ती दाहही कमी करतात: पांढऱ्या पेशींचे दाहस्थानी होणारे स्थलांतर आणि ऊतींचे विघटन करणाऱ्या काही विकरांचे कार्य त्यांच्यामुळे मंदावते. मुरुमांत ही औषधे उपयोगी पडतात त्यामागे हा दुसरा गुण मोठा आहे. तथापि तैलग्रंथीचा स्राव त्यांनी कमी होत नाही आणि रोमकूपाचे बंद झालेले तोंडही उघडत नाही. म्हणजेच विकाराच्या मुळापर्यंत ती पोहोचत नाहीत. गोळ्या थांबवल्यावर मुरूम परत का येतात, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

== इतिहास ==

या कुळातील पहिले औषध, क्लोरटेट्रासायक्लिन, १९४८ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने प्रसिद्ध केले. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळवणारे बेंजामिन डगर हे वनस्पतिशास्त्राचे सेवानिवृत्त प्राध्यापक होते आणि तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीपुढे गेलेले होते. सोनेरी रंगामुळे त्या औषधाला 'ऑरिओमायसिन' हे नाव मिळाले. आंध्र प्रदेशात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्या काळात लेडर्लीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते; त्यांचे निधनही १९४८ मध्येच झाले. पुढे लॉइड कोनोव्हर यांनी टेट्रासायक्लिन तयार केले व १९५५ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. १९५० च्या दशकापासून त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांसाठी ही औषधे देऊ लागले. डॉक्सिसायक्लिन १९६७ मध्ये वापरात आले आणि मिनोसायक्लिन त्यानंतर काही वर्षांत. २०१८ मध्ये अमेरिकेत सारेसायक्लिन या औषधाला खास मुरुमांसाठी मान्यता मिळाली.

== प्रचलित औषधे ==

डॉक्सिसायक्लिन प्रौढांना सामान्यतः दिवसाला १०० मिलिग्रॅम देतात. मिनोसायक्लिन तितकेच परिणामकारक आहे, पण त्याचे काही दुष्परिणाम अधिक गंभीर आहेत. ब्रिटनमध्ये लायमेसायक्लिनचा वापर बराच आहे. ज्यांना टेट्रासायक्लिन चालत नाही, उदाहरणार्थ गर्भवती स्त्रिया, त्यांच्यासाठी एरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा विचार केला जातो. भारतात अ‍ॅझिथ्रोमायसिन आठवड्यातून ठरावीक तीन दिवस घेण्याची पद्धतही रूढ आहे. आठ वर्षांखालील मुलांना व गर्भवतींना टेट्रासायक्लिन देत नाहीत, कारण ते वाढत्या दातांत व हाडांत साचते आणि दात कायमचे पिवळट-करडे होतात.

== घेणाऱ्यांचे अनुभव ==

=== पहिले आठवडे ===

उपचार सुरू करणाऱ्यांचा सर्वांत सामान्य अनुभव निराशेचा असतो. प्रतिजैविक म्हणजे दोन दिवसांत गुण, ही सवय ताप-खोकल्याच्या औषधांनी लावलेली असते. येथे पहिले दोन-तीन आठवडे विशेष काही घडत नाही. नव्या पुळ्या येतच राहतात. ठळक फरक साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी दिसू लागतो आणि औषधाचा पुरा परिणाम जोखायला बारा आठवडे लागतात. हे आधी सांगितलेले नसेल तर अनेक जण महिन्याभरातच 'औषध लागू पडत नाही' असे म्हणून गोळ्या सोडतात किंवा दुसरा डॉक्टर गाठतात. तेथे पुन्हा नवे प्रतिजैविक सुरू होते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

सावळ्या व गव्हाळ त्वचेत आणखी एक अडचण येते. पुळी बसली तरी तिच्या जागी काळपट डाग राहतो आणि तो विरायला काही महिने लागतात. आरशात पाहणाऱ्याला चेहरा होता तसाच वाटतो. प्रत्यक्षात दाह शमलेला असतो. असे डाग मोजून औषध निरुपयोगी ठरवणे ही फार आढळणारी चूक आहे. बोटाने चाचपून पाहिल्यास फरक कळतो: डाग सपाट असतो, पुळी उंचवट्यासारखी लागते.

=== गोळी घेण्यातील अडचणी ===

डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते, कधी उलटी होते. सकाळी चहाबरोबर गोळी घेऊन शाळा-महाविद्यालय गाठणाऱ्या मुलांना हा त्रास विशेष होतो. जेवणानंतर घेतल्यास तो बराच कमी होतो. दुसरा त्रास अधिक घाबरवणारा आहे. रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळून लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकते, तेथे विरघळते आणि जखम करते. मग छातीत आग, गिळताना तीव्र वेदना अशी लक्षणे दिसतात व घरच्यांना हृदयविकाराची शंका येते. म्हणून गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, असे सांगितले जाते.

दूध, आम्लपित्तावरील औषधे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या यांमुळे टेट्रासायक्लिनचे शोषण घटते. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत दुधाचा परिणाम कमी असला तरी लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून काही तासांचे अंतर राखावे लागते. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे अनेकदा विचारायचेच राहून जाते.

उन्हाने त्वचा लवकर भाजणे हा डॉक्सिसायक्लिनचा परिचित दुष्परिणाम आहे. भर एप्रिल-मे महिन्यात शेतात, मैदानावर किंवा दुचाकीवर वावरणाऱ्याने हा धोका हलका समजू नये. स्त्रियांमध्ये योनिमार्गाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज व स्राव यांचा त्रास होऊ शकतो. संकोचामुळे ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही आणि तिचा गोळ्यांशी असलेला संबंधही लक्षात येत नाही.

मिनोसायक्लिनमुळे काहींना चक्कर येते. दीर्घकाळ घेतल्यास त्वचेवर, व्रणांवर किंवा हिरड्यांवर निळसर-करडी छटा येऊ शकते. क्वचित यकृताचा दाह किंवा ल्युपससारखा सांध्यांचा विकार उद्भवतो. या सर्वच औषधांनी क्वचित कवटीतील दाब वाढतो. तीव्र डोकेदुखीबरोबर अंधूक दिसू लागल्यास गोळी थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते. आयसोट्रेटिनॉइनमुळेही हाच धोका असल्याने ती दोन औषधे एकत्र देत नाहीत.

=== गोळ्या थांबल्यावर ===

चेहरा स्वच्छ झाल्याचा आनंद खरा असतो. फोटोसाठी पुढे न येणारी, केस गालावर ओढून बसणारी मुले पुन्हा मोकळेपणाने वावरू लागतात. लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी तर घरातल्या मोठ्यांनाही हायसे वाटते. परंतु या आनंदात एक धास्ती मिसळलेली असते. ब्रिटनमध्ये मुलाखतींद्वारे झालेल्या अभ्यासांत तरुणांनी हीच धास्ती बोलून दाखवली आहे: गोळी बंद केली की सारे परत येईल, आणि चालू ठेवली तर शरीरावर काय परिणाम होईल? काहींना गोळ्या नको असतात, पण पर्याय ठाऊक नसतो. सोबत दिलेले मलम दुय्यम समजून बाजूला पडते.

वास्तविक गोळी बंद झाल्यावर मिळालेला गुण टिकवण्याचे काम त्या मलमावरच असते. अ‍ॅडापलीनसारखे रेटिनॉइड रोमकूपाचे तोंड मोकळे ठेवते आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड जीवाणू कमी करते. दोन्हींनी सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, पापुद्रे सुटतात. म्हणून ती टाकून दिली जातात. गोळी गिळणे सोपे आणि मलम लावणे कटकटीचे, हा मनुष्यस्वभाव या उपचाराच्या अपयशाचे एक मोठे कारण आहे.

== प्रतिरोध ==

प्रतिजैविकांना न जुमानणारे मुरुमांचे जीवाणू १९७० च्या दशकाच्या अखेरीस आढळू लागले. एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांना होणारा प्रतिरोध सर्वाधिक आहे. असे जीवाणू रुग्णाच्या निकटच्या सहवासातील, स्वतः कधीही औषध न घेतलेल्या माणसांच्या त्वचेवरही सापडले आहेत.

गोळी केवळ चेहऱ्यापुरती काम करत नाही. आतडी, घसा, त्वचा येथील सर्वच जीवाणूंवर तिचा परिणाम होतो. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारित, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुरुमांसाठी प्रतिजैविके घेणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील संसर्गाची शक्यता न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात डॉक्सिसायक्लिन 'अ‍ॅक्सेस' गटात, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या 'वॉच' गटात आहे. विषमज्वरावरील उरलेल्या मोजक्या भरवशाच्या गोळ्यांपैकी ते एक असल्याने, भारतासारख्या देशात मुरुमांसाठी ते महिनोन्‌महिने देण्याची पद्धत निश्चितच चिंताजनक आहे.

यावर सुचवलेले नियम साधे आहेत. प्रतिजैविकाची गोळी एकटी देऊ नये, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावे, कारण त्याला जीवाणू प्रतिरोध निर्माण करत नाहीत. पोटातून आणि त्वचेवरून अशी दोन्हीकडून प्रतिजैविके देऊ नयेत. बारा आठवड्यांनी फेरतपासणी व्हावी. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार अपवादात्मक परिस्थिती वगळता सहा महिन्यांपलीकडे औषध चालू ठेवू नये.

सौम्य विकारात गोळीची गरजच नसते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६४९ जणांचा सहभाग असलेल्या ब्रिटिश चाचणीत सौम्य ते मध्यम मुरुमांवर स्वस्त बेन्झॉइल पेरॉक्साइडचा गुण पोटातील टेट्रासायक्लिनांच्या तोडीचा ठरला होता.

== महाराष्ट्रातील व भारतातील परिस्थिती ==

मुरूम म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडणे, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. त्यामुळे सब्जा, गुलकंद, चंदनाचा किंवा मुलतानी मातीचा लेप असे उपाय आधी होतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असले तरी त्यात गेलेल्या काळात खोल पुळ्यांचे कायमचे व्रण पडू शकतात, आणि हे व्रण पुढे कोणत्याही गोळीने भरून येत नाहीत. त्याउलट 'गरम पडते' म्हणून प्रतिजैविकाची मात्रा आपल्याच मनाने अर्धी करणे किंवा दिवसाआड घेणेही सर्रास चालते. जीवाणूंना प्रतिरोध शिकवण्याची याहून सोयीची रीत नाही.

ही औषधे कायद्याने अनुसूची 'एच'मधील आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. व्यवहारात जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा न दाखवताही, ती मिळतात. थोरल्या बहिणीची चिठ्ठी धाकटीने वापरावी हे तर नित्याचेच. याहून घातक प्रकार मलमांचा आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे मुरुमांवर लावली जातात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. अशा मुरुमांवर पुन्हा प्रतिजैविक सुरू करताना ते मलम बंद झाले आहे की नाही हे पाहणे अत्यावश्यक असते.

कपाळावर व पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या येत असतील आणि प्रतिजैविकाने त्या वाढत असतील, तर तो विकार मुरूम नसून मॅलॅसेझिया या बुरशीमुळे झालेला रोमकूपांचा दाह असू शकतो. दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्यासारख्या भागांत, ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. त्याचा उपचार बुरशीनाशकाने होतो.

== गोळ्यांनी गुण न आल्यास ==

बारा आठवड्यांनंतरही पुरेसा फरक नसल्यास, किंवा व्रण पडू लागले असल्यास, प्रतिजैविके बदलत राहण्यापेक्षा उपचाराची दिशा बदलली जाते. आयसोट्रेटिनॉइन तैलग्रंथीच आकुंचित करते आणि त्याचा गुण अनेकांत दीर्घकाळ टिकतो. मात्र ते गर्भाला अत्यंत घातक असल्याने गर्भधारणा नसल्याची खात्री व गर्भनिरोध यांविना स्त्रियांना देत नाहीत. स्त्रियांमध्ये संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन हेही पर्याय आहेत. पाळी अनियमित असणे, ओठांवर व हनुवटीवर राठ केस येणे अशी लक्षणे मुरुमांसोबत असल्यास बीजकोशांच्या पीसीओएस या विकाराची तपासणी केली जाते.