पोरांचा मोबाईल हिसकावू नका, घराची वेळ ठरवा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाली आणि मोबाईल पोरांच्या हातात आला. शाळा परत भरली, पण मोबाईल काही सुटला नाही. हिसकावला की पोरगं जेवत नाही. मग धारा काढायची वेळ झाली की आपणच तो पुन्हा हातात देतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) या गावाने २०२२ मध्ये यावर वाट काढली. संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत मुलं अभ्यासाला. सुरुवातीला लोक तयार नव्हते. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या, तेव्हा जमलं. महत्त्वाचं म्हणजे मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवला.

आपल्या घरात भोंगा नसला तरी घड्याळ आहेच. एवढं करता येईल :

वय बघा : बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार २ वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको. बाहेरगावच्या बापाशी व्हिडिओ कॉल चालेल. २ ते ५ वयात जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांसोबत.

जेवण आणि झोप : ताटापुढे मोबाईल नको. झोपायच्या तासभर आधी बंद करा. चार्जिंग अंथरुणापासून लांब लावा.

फोनमधली सोय : सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं. तिथं प्रत्येक ॲपला रोजची वेळ लावता येते. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लागत नाही. मुलाचा वेगळा फोन असेल तर 'फॅमिली लिंक' ॲपने तुमच्या फोनवरून वेळ ठरवता येते. पण लावलेला टायमर हुशार पोरं काढतातही, त्यामुळं सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

पैसे : घरात एकच फोन असेल तर यूपीआय पिन मुलांना सांगू नका. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा.

बदल्यात काहीतरी द्या : नुसतं 'ठेव तो मोबाईल' म्हणून भागत नाही. विटी-दांडू, सायकल, शाळेतलं गोष्टीचं पुस्तक, नाहीतर वासराला चारा टाकायचं काम द्या.

पहिले काही दिवस पोरं चिडतील. तेव्हा रागावू नका, मारू नका; ठरलेली वेळ मात्र मोडू नका. आणि त्या वेळेत बापानं रील बघत बसू नये. पोरं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडं बघून शिकतात.