सास्तूरच्या भिंती आणि तीन प्रश्न

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. त्या पहाटेच्या धक्क्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची अनेक गावे जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काही अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात.

भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती. सहा ते सात महत्तेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात. बहुतेकांत इतकी माणसे मरत नाहीत. मग इथेच का मेली? या प्रश्नाला तेव्हा वेगवेगळ्या दिशांनी उत्तरे आली. ती तपासताना आपण तीन साधे प्रश्न हाताशी ठेवू. हे कशावरून? हे खरे नसते तर काय वेगळे दिसले असते? आणि चूक दाखवली तर सांगणारा आपले मत बदलेल का?

पहिले उत्तर दैवी कोपाचे. विसर्जनाच्याच रात्री धरणी हलली, हा योगायोग कसा, असे आजही विचारले जाते. वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. आपल्याकडील मोठ्या भूकंपांच्या तारखा फळ्यावर लिहा : कोयना, ११ डिसेंबर १९६७, उत्तरकाशी, २० ऑक्टोबर १९९१, किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, भूज, २६ जानेवारी २००१. प्रत्येक तारखेच्या मागेपुढे दोन दिवसांत कोणता सण, व्रत किंवा जयंती येते ते पंचांगात शोधायला सांगा. मग भूकंप न झालेल्या चार तारखा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांच्याबाबतही तेच करा. दुसरा भाग आपण सहसा गाळतो. न घडलेल्या गोष्टी मोजल्याशिवाय घडलेल्या गोष्टींतला योगायोग ओळखता येत नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्याला जाहीर विरोध केला. रवींद्रनाथ स्वतः अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक होते. पण नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटवणे त्यांना मान्य नव्हते. गांधीजींनी त्यांचा आक्षेप ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला आणि आपले उत्तरही दिले. हेतू आपल्याला पटणारा असला की आपण पुरावा मागायला विसरतो. शंका घेण्याची खरी परीक्षा विरोधकाच्या विधानापाशी होत नाही. ती आपल्या माणसाच्या विधानापाशी होते.

आता विज्ञानाकडे वळू, कारण त्यालाही सूट देता येणार नाही. दख्खनचे पठार हा प्राचीन, स्थिर भूभाग आहे, असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचत आलो. १९९३ साली देशाच्या भूकंप-नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२ च्या पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत मात्र किल्लारीच्या लोकांना पायाखाली लहान लहान धक्के जाणवत होते. त्यांतला मोठा १८ ऑक्टोबर १९९२ रोजी बसला. अशा धक्क्यांनंतर मोठा भूकंप येईलच असे नसते, आणि भूकंपाची तारीख-वेळ आजही कोणी सांगू शकत नाही. तरीही ‘इथे मोठा भूकंप होणार नाही’ हे विधान कशावरून, असे नकाशालाही विचारायला हवे होते. आपल्याकडच्या भूकंपांच्या लेखी नोंदी थोड्या शतकांच्या आहेत. भूगर्भातला ताण हजारो वर्षे साठत राहतो.

नंतर तपास झाला. राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन काळ्या खडकाच्या खाली काय आहे ते पाहिले. धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरला प्राचीन बांधकामाच्या व मातीच्या थरांतील खुणांवरून सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी असे मांडले की, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीही या भागात मोठा भूकंप झाला असावा. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयामुळे भूकंप झाला का, यावरही वाद झाला. कोयनेला जलाशय आणि भूकंप यांचा संबंध अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसतो. तेरणेबाबत तसा भक्कम पुरावा पुढे आला नाही आणि मतभेद राहिले. अशा वेळी निर्णय राखून ठेवणे हेही शास्त्रीय वागणेच. २००२ साली नकाशा बदलला. पहिला विभाग रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. विज्ञान चुकले, पण चूक नोंदवून त्याने नकाशा बदलला. तिसऱ्या प्रश्नाला ते इथे उतरले.

मग माणसे कशाने मेली? भिंतींनी. दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती; आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला; वर माळवदाची जाड, जड माती. हादरा बसताच दोन्ही थर सुटले आणि माळवद खाली आले. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब उभेच राहिले होते. दोष दगडाचा नव्हता, दगड न बांधल्याचा होता. पण भूकंपानंतर भीती दगडाचीच बसली आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे समीकरण झाले.

राजकारणातले प्रश्न इथून सुरू होतात. सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसवण्यात आली. इतरत्र घरांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. काम मोठे होते, पण ‘नवी जागा सुरक्षित’ हे कशावरून? दोन-तीन किलोमीटर सरकल्याने भूकंप टळत नाही. घर कसे बांधले यावर जीव अवलंबून असतो. ‘भूकंपरोधक’ हा शब्दही तपासावा. त्याचा अर्थ तडा जाणार नाही असा नाही. घर कोसळून माणसे दबणार नाहीत, एवढाच. आश्वासन देणाऱ्याला ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे, उद्धटपणा नव्हे.

आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांनी तो भूकंप पाहिलेला नाही. त्यांना एक गृहपाठ देऊ या. आपल्या घराची भिंत पाहायची. भिंतीच्या आरपार जाणारे दगड आहेत का? खिडकी-दारांच्या वर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? माळवदावर मातीचे थर वाढत गेले का? मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, ‘तुमच्या वेळी काय पडले, काय उभे राहिले?’ ऐकलेले लिहून आणायचे आणि वर्गात एकमेकांशी ताडून पाहायचे.

‘भूकंप कधी येणार?’ या प्रश्नाचे उत्तर ज्योतिषाकडे नाही, शास्त्रज्ञाकडे नाही, मंत्र्याकडेही नाही. ‘आपली भिंत कशी आहे?’ याचे उत्तर मात्र आपल्याच घरात सापडते, आणि जीव वाचतो तो त्यानेच.