जीवशास्त्राचा विद्यार्थी आणि पहिल्या वर्षाचे फिजिक्स : एका जुन्या नात्याची हकीकत



बारावीचा निकाल लागला की माधवनगरातून सांगली-मिरजेकडे प्रवेशाचे अर्ज घेऊन जाणाऱ्या मुलामुलींत एक गट दरवर्षी दिसतो. जीवशास्त्राची आवड आहे, डॉक्टरकीचा नंबर लागलेला नाही किंवा लावायचाच नाही, आणि बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी काहीतरी घ्यायचे आहे. अर्जात पहिल्या वर्षाचे विषय भरायचा रकाना येतो आणि तेथे प्रश्न उभा राहतो : फिजिक्स, म्हणजे आपले पदार्थविज्ञान, घ्यावे की सोडावे? घरात सल्ला बहुधा एकच मिळतो. "जीवशास्त्र करायचे ना, मग ते गणित-फिजिक्सचे ओझे कशाला? टक्के कमी होतील." सल्ला प्रेमाचा असतो, पण इतिहासाला धरून नसतो. तो इतिहास आपल्याच परिसरात कुठे कुठे सापडतो, ते पाहू.

माधवनगरपासून मिरज काही फार दूर नाही. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात, हे आपण अभिमानाने सांगतो. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारे शिकलगार या धंद्यात आले, आणि त्यांत फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. तलवारीचे दिवस संपत आले तेव्हा त्या हातांनी पंढरपूरकडचा भोपळा उचलला, असे म्हटले तरी चालेल. या कारागिरीत सर्वांत नाजूक काम जवारीचे. तार ज्या घोडीवरून जाते तिचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर तो कानसेने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो. दोरा योग्य जागी आला की तंबोरा एकदम बोलू लागतो. एका सुरातून अनेक सूर उमलतात.

हे असे का होते? युरोपातील शास्त्रज्ञांनी तारेच्या कंपनाचा एक नियम सांगितला होता. तार जेथे छेडाल, तेथे ज्या वरच्या सुरांचा स्थिर बिंदू येतो ते सूर निघू नयेत. तंबोरा मात्र हा नियम पाळीत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात हे दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या त्या वक्र माथ्यात आणि दोऱ्यात आहे असे सांगितले. त्यांना नोबेल पारितोषिक १९३० साली मिळाले ते प्रकाशाच्या कामासाठी, पण त्याआधी त्यांची बरीच वर्षे ध्वनीच्या अभ्यासात गेली होती.

सांगलीतही हा प्रश्न एका माणसाने निराळ्या बाजूने हाती घेतला होता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे मोजमाप करण्याचा ध्यास घेतला आणि १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मोजायला तारा होत्या, पण खरा सूर कोणता हे ठरवणार कोण? त्यासाठी गळा पाहिजे आणि कान पाहिजे. तो गळा आणि कान होता खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा. १९३७ साली वारलेले खाँसाहेब मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले आहेत. देवलांच्या श्रुतींचे गणित सर्वांनी मान्य केले असे नाही, त्यावर पुष्कळ वाद झाले. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की तारेची लांबी मोजणारा आणि ऐकणारा जिवंत कान, हे दोघे एका खोलीत बसल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हते.

आता कानाकडे वळा, म्हणजे थेट तुमच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात येतो. कानातील शंखाकृती नळीत बारीक सूर एका टोकाला आणि खर्ज दुसऱ्या टोकाला ओळखला जातो, हे तुम्ही पाठ केले असेल. ते प्रयोगाने दाखवणारा गेओर्ग फॉन बेकेशी हा डॉक्टर नव्हता. तो पदार्थविज्ञानाचा माणूस, हंगेरीच्या टेलिफोन खात्यातील प्रयोगशाळेत काम करणारा. १९६१ साली त्याला नोबेल मिळाले ते मात्र वैद्यकशास्त्राचे.

आणि माधवनगरकरांना कानाचे महत्त्व काय सांगावे! गिरणीचा आणि यंत्रमागांचा आवाज या गावाने पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. मागाच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या किती वडीलधाऱ्यांशी आपण मोठ्याने बोलतो, ते आठवून पाहा. भारतात कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. पुष्कळांना वाटते, ९० च्या जागी १०० झाले तर थोडेसेच वाढले. तसे नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. हे लॉगॅरिथमचे माप ज्याला समजले, त्यालाच शंखातील केसपेशी का मरतात आणि माणसात त्या पुन्हा का उगवत नाहीत, या दोन गोष्टी जोडून पाहता येतात. एक गोष्ट फिजिक्सच्या पुस्तकात आणि दुसरी प्राणिशास्त्राच्या, पण ज्याचा कान गेला तो माणूस एकच.

या दोन विद्यांचा संबंध आजचा नाही. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य घालवलेल्या इब्न अल्-हैसमने 'किताब अल्-मनाझिर' लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्याने खोडून काढले आणि वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते असे प्रतिपादन केले. त्यासाठी त्याला डोळ्याची रचनाही पाहावी लागली आणि भूमितीही मांडावी लागली. युरोपात त्याचा ग्रंथ लॅटिन भाषांतरातून शेकडो वर्षे वाचला गेला. आमच्या सभासंमेलनांत या नावाचा गौरव होतो, टाळ्याही पडतात. पण सभेहून घरी आल्यावर आपण मुलीला फिजिक्स सोडायला सांगतो, हे काही जुळत नाही.

पैशाच्या अडचणीचाही एक इतिहास सांगण्यासारखा आहे. हेर्मान हेल्महोल्ट्झ हा जर्मनीतील एका शाळामास्तराचा मुलगा, जन्म १८२१ चा. त्याला फिजिक्स शिकायचे होते. वडिलांची ऐपत नव्हती. सरकारी खर्चाने डॉक्टरी शिकता येत होती, अट अशी की शिकून झाल्यावर काही वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. मुलाने ती अट मान्य केली. डॉक्टरी शिकला, पण फिजिक्स आणि गणित स्वतः वाचणे सोडले नाही. पुढे काय झाले ते पाहा. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे कधी मोजता येणार नाही, असे त्याच्या गुरूंनाच वाटत होते. १८५० साली त्याने बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजून दाखवला, सेकंदाला सुमारे तीस मीटर. दुसऱ्याच वर्षी डोळ्याच्या आतील पडदा पाहण्याचे उपकरण त्याने जगापुढे ठेवले. आजही नेत्रतज्ज्ञ त्याच तत्त्वाचे उपकरण हाती धरून तुमचा डोळा तपासतात. १८६३ साली सुरांच्या संवेदनेवर मोठा ग्रंथ लिहिला. आणि १८७१ साली हा डॉक्टर बर्लिनच्या विद्यापीठात फिजिक्सचा प्राध्यापक झाला.

उलट दिशेचा प्रवास आपल्याच देशातील वेंकटरामन रामकृष्णन यांचा. १९७१ साली बडोद्याहून फिजिक्समध्ये बी.एस्सी., १९७६ साली अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएच.डी., आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले ते पेशीतील रायबोसोमच्या रचनेसाठी. क्ष-किरणांनी रेणूची रचना कशी उलगडते हे फिजिक्सवाल्याला लवकर कळते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र पहिल्याच वर्षी ती वाट बंद करून घेतली तर पुढे परत फिरणे कठीण जाते.

आता आपल्या विद्यापीठांकडे. सांगली-मिरजेच्या मधोमध विश्रामबागला विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले. तेव्हा परीक्षा मुंबई विद्यापीठाची असे. पुढे पुणे विद्यापीठ आले आणि १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. त्या जुन्या काळी इंटर सायन्सला 'ए ग्रुप' आणि 'बी ग्रुप' असत. ए म्हणजे गणितवाले, इंजिनियरिंगला जाणारे. बी म्हणजे जीवशास्त्रवाले, डॉक्टरीला जाणारे. पण बी ग्रुपवाल्यालाही फिजिक्स सुटत नसे. नवी १०+२+३ ची पद्धत आली, १९७५ साली नव्या दहावीची आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि ए-बीची ही विभागणी शाळकरी वयातच, अकरावीच्या दारात आली. सोळाव्या वर्षी मूल गणित सोडते, अठराव्या वर्षी फिजिक्स. मला विचाराल तर हे फार लवकर होते. आपल्या भाषेत 'बायोलॉजीवाला' आणि 'मॅथ्सवाला' अशा जाती पडल्या आहेत त्या या रकान्यांमुळे, विद्येमुळे नव्हेत.

पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचा अभ्यासक्रम हातात घेतला की सदिश, जडत्वाचे आघूर्ण, स्थितिस्थापकता अशी नावे दिसतात आणि जीवशास्त्राची मुले बिचकतात. थोडे पुढे वाचा. पृष्ठताण असतो. फुप्फुसातील वायुकोश हे लहान बुडबुडेच आहेत, आणि बुडबुडा जितका लहान तितका त्याच्यातील दाब जास्त, म्हणजे तो मिटण्याची ओढ जास्त. मग आपले वायुकोश मिटत का नाहीत? कारण त्यांना आतून पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्याचे अस्तर असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते पुरेसे तयार झालेले नसते आणि बाळाला श्वास घेणे जड जाते, हे १९५९ साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. त्यावरून पुढे उपचार निघाला आणि कितीतरी बाळे वाचली.

त्याच पुस्तकात द्रवाची चिकटता असते आणि तिच्याबरोबर प्वाझयचे सूत्र येते. हा प्वाझय डॉक्टर होता. रक्त बारीक नळ्यांतून कसे वाहते या कुतूहलातून त्याने १८४० च्या सुमारास काटेकोर प्रयोग केले. बाकी सर्व सारखे असता नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. घरात कोणाच्या हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे निदान झाले असेल तर या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. प्रकाशशास्त्रात सूक्ष्मदर्शक येतो. साध्या प्रकाशाने मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून फारसे बारीक का दिसत नाही, आणि बहुतेक विषाणूंसाठी इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक का लागतो, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात नुसते सांगितले जाते. फिजिक्सच्या वर्गात ते समजते. विजेच्या धड्यांतून हृदयाचा आलेख समजतो. हा आलेख शास्त्रशुद्ध करणारा आइंटहोव्हनही वैद्यकाचाच पदवीधर, नोबेल १९२४ चे.

निवड कशी करावी, हे आता सांगतो. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाल्यावर 'मेजर', 'मायनर' असे शब्द अर्जात आले आहेत. विषयांचे गट कॉलेजगणिक वेगळे असतात. म्हणून शेजारच्या मुलाने काय घेतले हे विचारू नका. स्वतः कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा : वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राबरोबर फिजिक्स घेता येईल असा गट आहे काय, मायनर म्हणून ते पुढेही चालू ठेवता येते काय, आणि प्रात्यक्षिके दोन्हीकडची एकाच वेळी येऊन आपटत नाहीत ना. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण बसने जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तोच मोठा असतो.

सर्वांनीच घ्यावे असे मी म्हणत नाही. ज्याला वनस्पतींचे वर्गीकरण, कीटक, शेती, पर्यावरण यांत रमायचे आहे त्याला रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र अधिक कामाला येईल. पण जैवभौतिकी, मेंदूविज्ञान, प्रतिमांकन, जैवतंत्रज्ञान यांकडे मन असेल तर पहिल्या वर्षी फिजिक्स जरूर घ्या. आय.आय.टी.च्या जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राबरोबर फिजिक्स, रसायन आणि गणित यांचेही प्रश्न असतात. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणांची मात्रा ठरवणारा वैद्यकीय पदार्थवैज्ञानिक व्हायचे असेल तर बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय असावा लागतो, तेथे पळवाट नाही. परदेशी जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे फिजिक्स दोन प्रकारचे मिळते, कलनशास्त्रासह आणि त्याविना, आणि जीवशास्त्राच्या मुलांना बहुधा दुसरे पुरते. पण संशोधनाकडे जायचे असेल तर पहिले घेतलेले बरे.

राहिली गणिताची भीती. अकरावीला गणित सोडलेल्या मुलाने निकाल आणि कॉलेज सुरू होणे यांमधले आठवडे वाया घालवू नयेत. त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, आलेखाचा चढ आणि त्यावरून अवकलनाची तोंडओळख, एवढी शिदोरी बांधली तरी पहिल्या सत्रात पाय अडखळत नाहीत. पुस्तके नवी घ्यायची गरज नाही. मोहल्ल्यात इंजिनियरिंगला गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच, त्यांची अकरावीची गणिताची पुस्तके मागून आणा आणि संध्याकाळी तासभर त्यांच्याजवळच बसा.