अहिराचे कूळ, कृष्णेचे मुख

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात. अहिराच्या बाबतीत दोन्ही एकदमच विचारावे लागतात, आणि उत्तर भलत्याच टोकाला सापडते. हा मुळा-मुठेतला, भीमेतला मासा. पण त्याचे कूळ नदीच्या मुळाशी नाही, मुखापलीकडे खाऱ्या पाण्यात आहे.

अहिर कोणता, हे आधी सांगितलेले बरे, कारण पुण्यात तीन माशांची गल्लत होते. उजनीच्या फुगवट्याकाठी भिगवणला मासे खायला जाणारे पुणेकर जी वाम मागवतात, ती नदीतली. टोकदार नाकाची, पाठीवर काट्यांची रांग असलेली. ती जन्मते गोड्या पाण्यात आणि मरतेही तिथेच. अंगलट सापाची असली तरी खऱ्या ईलांशी तिचे जवळचे नाते नाही. गणेश पेठेच्या मासळी बाजारात बर्फावर पसरलेली लांबलचक, रुपेरी, दातेरी जबड्याची वाम समुद्रातली. ती खरी ईल, पण नदी चढून घाटमाथ्याच्या या बाजूला येणे तिच्या कुळात नाही. तिसरा अहिर, हीही खरी ईलच. पाठीवर काटा नाही, पाठीचा पर शेपटाला वळसा घालून थेट पोटाखाली आलेला, अंगावर पिवळट-तपकिरी चट्टे. खवले आहेत, पण कातडीत असे रुतलेले की हाताला लागत नाहीत. हाताला लागतो तो नुसता बुळबुळीतपणा. मोठा अहिर चार फूटही भरतो. दिवसा डोहाच्या कपारीत, रात्री शिकारीला.

नावातला 'अहि' म्हणजे साप, असे मला वाटते. लॅटिनात ईलला 'अँग्विला' म्हणतात, त्याचाही अर्थ छोटा साप. दोन्हीकडच्या माणसांनी पाण्यात तेच पाहिले आणि तेच म्हटले. खानदेशातल्या अहिराणीशी मात्र या अहिराचा संबंध जोडू नये; ते अहिर म्हणजे आभीर, माणसे.

शास्त्राच्या वहीत पुण्याच्या बाजूचा अहिर शिरला तो विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यामुळे. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. शेतसारा, लोकसंख्या, पाऊस मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही मोजले. इंग्लंडला परतल्यावर त्याने दख्खनच्या ४६ माशांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. ती १८३९ मध्ये छापली गेली आणि १८४१ मध्ये सविस्तर आली. नमुन्यांच्या ठिकाणांत पुण्याची मुळा-मुठा आहे, इंद्रायणी आहे, भीमाकाठचे पेडगाव आहे.

या यादीतली एक गोष्ट मला फार आवडते. साइक्सने माशांना नावे देताना नदीकाठच्या लोकांचेच शब्द घेतले आणि त्यांना लॅटिन डगले चढवले. खुद्री, मुल्या, फुलुंगी, कोलुस, ताकरी, सींगटी: इंग्रजी कानाने ऐकलेली ही मराठी आजही त्या माशांच्या शास्त्रीय नावात तशीच बसलेली आहे. जगाच्या कुठल्याही संग्रहालयात शिंगटीची बाटली उघडली तर चिठ्ठीवर आपला शब्द निघेल. अहिराला मात्र त्याने अहिर म्हटले नाही. त्याला साहेबाचे नाव दिले: अँग्विला एल्फिन्स्टोनाय.

साहेब म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, साइक्सला कामावर नेमले गेले तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर. पण गव्हर्नर होण्याआधी तो पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट होता आणि राहायला संगमावर, मुळा-मुठेच्या अगदी काठाशी. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या फौजेने तो बंगला जाळला. ज्या पाण्याच्या काठी एल्फिन्स्टनचे घर जळाले, त्याच पाण्याच्या खोऱ्यातल्या माशावर त्याचे नाव लागले. साइक्सच्या मनात हा योग असेल असे नाही. वरिष्ठांना खूश ठेवण्याची रीत तेव्हाही होती.

नाव टिकले नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे याने हाच मासा १८३१ मध्ये बंगालच्या नावाने नोंदवला होता, आणि शास्त्रात आधी छापलेले नाव चालते. म्हणून आज अहिर 'अँग्विला बेंगालेन्सिस' आहे. खुद्री राहिली, सींगटी राहिली, गव्हर्नर गेला. पुणेकराने बंगालच्या नावावरून रुसू नये. हे नाव चुकून का होईना, या माशाच्या पत्त्याला बरेच जवळचे आहे.

पुण्याहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण मुठेला तो दिसत नाही. सह्याद्रीने पाठ फिरवल्यामुळे ती पूर्वेला जाते. संगमावर मुळेला मिळते, बंडगार्डन, मांजरी, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेत शिरते. भीमा दौंड, पेडगाव, उजनी आणि पंढरपूरच्या चंद्रभागेचे वळण घेऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्रात हंसलदिवीला बंगालच्या उपसागरात. हजार किलोमीटरहून बरेच जास्त अंतर. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात जो अहिर आला, तो ही सगळी वाट उलटी चढून आला होता. बोटभर लांबीचा असताना.

हे उलगडायला जगाला दोन हजार वर्षे लागली. ईलच्या पोटात कोणालाच अंडी दिसत नसत, म्हणून ॲरिस्टॉटलने ती चिखलातून उपजते असे ठरवून टाकले. १८७६ मध्ये विशीतल्या सिग्मंड फ्रॉईडने ट्रिएस्ट बंदरात सुमारे ४०० ईल चिरून नराचे वृषण शोधले आणि पक्का निकाल न लागताच परतला. माणसाचे मन चिरणे त्याला पुढे सोपे वाटले असावे. १८९६ मध्ये ग्रासी आणि कालांद्रुच्चो या दोन इटालियन संशोधकांनी दाखवले, की वेगळाच मासा समजला जाणारा एक चपटा, पारदर्शक, पानासारखा समुद्री जीव ही ईलची अळी आहे. मग योहान्स श्मिट या डेन्मार्कच्या संशोधकाने १९०४ पासून अटलांटिकभर जाळी ओढली. जिथे अळ्या लहान, तिकडे जन्मस्थान जवळ, हा त्याचा साधा हिशेब. १९२२ च्या सुमारास तो सारगासो समुद्राशी येऊन थांबला. त्याच्याच 'डाना' जहाजाने १९२८ ते १९३० मध्ये जगप्रदक्षिणा केली, तेव्हा हिंदी महासागरात सुमात्राच्या पश्चिमेला ईलच्या कोवळ्या अळ्या सापडल्या. आपल्या अहिराची अंडी मोकळ्या समुद्रात आजवर कोणी पाहिलेली नाहीत. गोत्र ठाऊक आहे, घर नाही.

उरलेला जीवनक्रम सगळ्या ईलांचा साधारण सारखाच. पानासारखी अळी प्रवाहाबरोबर किनाऱ्याशी येते, काचेसारखे पारदर्शक, गोल अंगाचे पिल्लू होते, नदीच्या मुखात रंग धरते आणि चढू लागते. ओल्या दगडावरून, शेवाळाच्या भिंतीवरून, पावसाळी रात्री ओल्या गवतातूनही. कातडीतून श्वास घेता येत असल्यामुळे पाणी नसले तरी ओल पुरते. नदीत येऊन अहिर बेडूक, खेकडे, मासे खात वर्षानुवर्षे वाढतो, पण वीण करत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात अंग रुपेरी होते, डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते, खाणे सुटते. पुराबरोबर तो खाली निघतो, समुद्रात जाऊन वीण करतो आणि मरतो. युरोपातल्या अभ्यासांत वरच्या पात्रांत माद्या जास्त आढळल्या आहेत. इथेही तसेच असेल, तर पुण्यापर्यंत आलेले बरेच अहिर म्हणजे माहेर सोडून घाटावर नांदायला आलेल्या बाया, आणि माहेरी परतायचे ते एकदाच.

या वाटेवर पहिला मोठा अडसर बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, १८५५ मध्ये पडला. पण तो नदीवरून पाणी सांडणारा बुटका बंधारा होता, आणि ओली दगडी भिंत अहिराच्या पिल्लाला जिन्यासारखीच. खरी दारे नंतर लागली. १९५७ मध्ये त्या जागी प्रकाशम बॅरेज आले. १९६७ मध्ये नागार्जुनसागर, १२४ मीटर उंच. त्यावर श्रीशैलम, त्यावर जुराळा, आणि भीमेवर १९८० मध्ये उजनी. ही चढण काचेसारख्या पिल्लाने कशी चढावी? मासे वर जाण्यासाठी पायऱ्या करण्याची युक्ती युरोपात जुनी आहे. ईलच्या पिल्लांसाठी काथ्याची किंवा ब्रशची ओली पट्टी भिंतीवरून खाली सोडली तरी काम भागते. या धरणांची आखणी मात्र शेती, वीज आणि पुराच्या हिशेबाने झाली.

ईल दीर्घायुषी असते, दशके काढते, त्यामुळे धरणे बांधली म्हणून वरचे अहिर एका वर्षात संपत नाहीत. चढलेले असतात, ते राहतात. जुने भोई अहिराच्या गोष्टी सांगतात तेव्हा मला वाटते, ते चढून आलेल्यांतले शेवटचे असावेत. पुण्याच्या सांडपाण्याने नदीचा प्राणवायू खाल्ला ती गोष्ट निराळी, आणि तिची तक्रार सगळेच मासे करतील.

पावसाळ्यात खडकवासल्याचे दरवाजे उघडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीकाठचे रस्ते बंद होतात, आणि माणसे कठड्याला टेकून पाणी बघत उभी राहतात. दोन-चार दिवसांत तेच पाणी उजनीला पोचते; उजनी भरली की तिचेही दरवाजे उघडतात, पुढे जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर यांचेही. कपारीत एखादा रुपेरी अहिर उरला असेलच, तर त्याला निघायला हीच रात्र. पाणी सांडव्यावरून गेले तर ठीक, पाती फिरणाऱ्या वीजघरातून गेले तर नाही.